झालं का, बाळा?

झोपण्याआधी कुत्र्याला मागच्या अंगणात नेऊन आणायचं, एवढंच काम. कुणालाही जमावं असं. पण किल्लीवाल्या म्हाताऱ्याला ते काही केल्या जमत नव्हतं. गावभरची अडलेली कुलपं उघडण्यात त्याचा जन्म गेला होता, आणि घरातल्या एका म्हाताऱ्या कुत्र्यापुढे मात्र त्यानं हात टेकले होते.

कुत्र्याचं नाव साहेब. बायकोनं ठेवलं होतं आणि अगदी शोभायचं. अंगणात गेल्यावर स्वारी सगळीकडे हुंगून घ्यायची, झाडापाशी थांबायची आणि मान वळवून दाराकडे बघत राहायची. दारातून बायको विचारायची, "झालं का, बाळा?" तेव्हा कुठे साहेबांचा पाय वर व्हायचा. मग ती म्हणायची, "चल मग," आणि दोघं आत यायची.

हे शब्द मुळात कुत्र्याचे नव्हतेच. ते लेकीचे होते. लेक लहानपणी अंधाराला भारी घाबरायची. संडास अंगणाच्या टोकाला, झाडापलीकडे. रात्री जाग आली की ती आईला उठवायची, आणि आई बॅटरी घेऊन दारात उभी राहायची. झालं का, बाळा? चल मग. लेक लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली, घरात साहेब आला, शब्द तेच राहिले. त्या साऱ्या वर्षांत म्हाताऱ्यानं कूस बदलण्यापलीकडे काही केलं नव्हतं.

थंडीच्या दिवसांत बायको गेली. दवाखान्यात शेवटी बोलली तीही साहेबाबद्दलच.

"रात्री बाहेर नेताय ना त्याला? तुम्हाला नाही जमायचं हो ते."

"जमेल गं," तो म्हणाला.

माझ्यामागे तुमचं कसं होणार, असं तिनं एकदा तरी विचारावं म्हणून तो तिच्या तोंडाकडे बघत बसला होता. तिनं ते विचारलं नाही. ही गोष्ट त्याला फार लागली होती, आणि सांगणार कुणाला?

तेव्हापासून साहेबाचं तंत्र बिघडलं. अंगणात नेलं की तो दाराकडे बघत नुसता उभा राहायचा. म्हाताऱ्यानं तेच शब्द म्हणून पाहिले, दटावून पाहिलं, हातापाया पडून पाहिलं. शेवटी थंडीनं कुडकुडत दोघं आत यायचे आणि मग साहेब स्वयंपाकघरात तळं करायचा. ते पुसून म्हातारा आडवा होतो न होतो तोच अंधारात नखांची टकटक सुरू व्हायची. या खोलीतून त्या खोलीत. मध्येच टकटक थांबली की म्हातारा दिवा लावायचा. कोपऱ्यात भिंतीला नाक लावून साहेब उभा असायचा.

"वय झालंय काका त्याचं, भ्रम होतो," जनावरांचा डॉक्टर म्हणाला. "ठरल्या वेळी बाहेर न्या, एकच ठरलेला शब्द वापरा. आणि फार हाल व्हायला लागले तर... इंजेक्शन असतं."

"तेवढं सोडून बोला," म्हातारा म्हणाला आणि उठला.

लेक फोनवर रोज एकच टुमणं लावायची. "बाबा, इकडे या ना. एकटे कशाला राहता तिथे?"

"एकटा कुठे? साहेब आहे की."

साहेब होता म्हणून बायकोची आठवण सांगायला घरात कुणीतरी होतं. तोही गेला की सगळं संपलं, हे म्हाताऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

आणि मग एका रात्री ते घडलं. तो झाडापाशी साखळी धरून उभा होता. वारा नव्हता. साहेबानं मान वळवली, पण घराकडे नाही, कुंपणाकडे. कुंपणापलीकडच्या अंधारातून, अगदी हलक्या आवाजात कुणीतरी विचारलं,

"झालं का, बाळा?"

साहेबानं पाय वर केला.

खरं सांगायचं तर भीतीच्या आधी म्हाताऱ्याला हायसं वाटलं. त्या रात्री फरशी कोरडी राहिली. साहेब पायाशी मुटकुळं करून झोपला, आणि म्हातारा तोंडात पांघरुणाचा बोळा धरून लहान पोरासारखा रडला. दुसऱ्या दिवशी लेकीला तो एवढंच म्हणाला, "बसली घडी. आता काळजी नाही."

आवाज रोज येऊ लागला. मात्र रोज थोडा लांबून. आधी कुंपणाशी, मग गल्लीच्या तोंडाशी, मग पडीक जागेच्याही पलीकडून. साहेब साखळीला हिसके देऊन तिकडे ओढायला लागला. एका रात्री साखळी हातातून निसटली आणि तो अंधारात दिसेनासा झाला. पहाटे परतला तेव्हा पोटापर्यंत ओला होता, आणि अंगाला दगडाच्या भुकटीचा, शेवाळाचा वास येत होता. गावाबाहेर दगडाची जुनी खाण होती. तिच्यात पाणी साचलेलं होतं, आणि त्याचा तळ कुणी पाहिला नव्हता.

त्या दिवशी दुकान बंद ठेवून त्यानं मागच्या दाराला नवं कुलूप बसवलं. असं कुलूप त्यानं उभ्या आयुष्यात कुणाला करून दिलं नव्हतं. आतून लावा, बाहेरून लावा, किल्ली एकच. ती त्यानं दोरीत ओवून गळ्यात घातली. रात्री साखळीचं टोक स्वतःच्या मनगटाला बांधलं आणि साहेबाला कुशीत घेतलं.

आवाज आला. खूप लांबून, पाण्यावरून आल्यासारखा.

"नको गं..." म्हातारा अंधारात म्हणाला. "हा एकच राहिलाय मला."

आवाज थांबला. साहेब थरथरायचा थांबला. म्हाताऱ्याचा कधी डोळा लागला, त्यालाच कळलं नाही.

सकाळी साखळी मनगटाला तशीच होती. दुसऱ्या टोकाला साहेबाचा पट्टा होता, बक्कल लावलेला, आत काही नसलेला. दार बंद. किल्ली गळ्यात. त्यानं कुलूप उतरवून, खोलून, प्रत्येक पत्ती भिंगाखाली धरून पाहिली. कुलपात खोट नव्हती.

खाणीवर जाऊन तो दिवसभर हाका मारत बसला. पाणी हललंसुद्धा नाही.

त्यानंतर रोज रात्री तो मागचं दार सताड उघडून उंबऱ्यावर बसायचा. "मला पण हाक मार की गं..." अंधाराला म्हणायचा. "मी काय वाईट केलंय? मला पण ने." त्याला कुणी हाक मारली नाही. कुत्र्यासाठी जी इतक्या लांबून आली, तिला आपली आठवणसुद्धा होऊ नये, या विचारानं तो आतून पार पोखरला गेला. जेवण सुटलं. दुकान उघडेना. शेजाऱ्यांनी कळवलं तेव्हा लेक धावत आली.

"साहेब गेला," एवढंच त्यानं तिला सांगितलं.

लेकीनं दोन दिवसांत घराची आवराआवर केली. सकाळच्या गाडीनं दोघं निघणार होते. रात्री अंथरूण घालताना ती हसून म्हणाली, "गंमत बघा बाबा, एवढी चाळिशीची बाई मी, पण इथे आल्यापासून रोज रात्री जाग येते. लहानपणी यायची ना, तश्शीच. आणि बाहेर जायची भीती पण वाटते."

"जाग आली तर मला उठव," म्हातारा म्हणाला. "मी उभा राहीन दारात."

"तुम्ही?" ती पुन्हा हसली. "आईनं ऐकलं असतं तर खरं वाटलं नसतं तिला."

मध्यरात्री म्हाताऱ्यालाच उठावं लागलं. या वयात ते चुकत नाही. तो बाहेर आला, आणि दार ओढून घेताना थबकला. आत लेक एकटी. बाहेर अंधार, आणि अंधारात जे काही होतं ते. त्यानं बाहेरून कुलूप घातलं, ओढून पाहिलं, किल्ली गळ्यात टाकली. बाहेरचं आता काही आत जाणार नाही. जिवाला जरा धीर आला.

तो झाडापर्यंत पोचला असेल नसेल, तोच मागून आवाज आला. हलका, ओळखीचा. कुंपणाकडून नाही, गल्लीतूनही नाही. घराच्या आतून.

"झालं का, बाळा?"

म्हातारा मागे वळला.

आतून अंथरुणाची सळसळ ऐकू आली. मग लेकीचा झोपाळलेला आवाज. "आई...? थांब ना... आलेच."

"चल मग."

"अगं नको!" म्हातारा ओरडला. धडपडत तो दारापाशी आला. किल्ली कुलपात शिरेना. सगळ्या गावाची कुलपं अंधारात, नुसत्या बोटांनी उघडणारा माणूस, आणि त्याला स्वतःच्या कुलपाचं भोक सापडेना. पलीकडून नखांची टकटक आली. दारापर्यंत आली. थांबली.

किल्ली फिरली तेव्हा आत शांत होतं.

त्यानं दिवा लावला. अंथरुणात अजून ऊब होती. पुढच्या दाराला आतून कडी होती, खिडक्यांचे गज शाबूत होते. घरभर शेवाळाचा वास भरून राहिला होता. अंथरुणापासून मागच्या दारापर्यंत फरशीवर ओले ठसे उमटले होते. एक ओळ कुत्र्याच्या पंजांची. तिच्या एका बाजूला बाईमाणसाची अनवाणी पावलं.

तो दिवा घेऊन उंबऱ्याबाहेर आला. ठसे बाहेरही होते. किल्ली लावत तो जिथे उभा होता, तिथून अगदी त्याच्या पायांना खेटून ते पुढे गेले होते, कुंपणाकडे, खाणीच्या दिशेनं.

"अगं..." तो अंधारात म्हणाला. "अगं, मी राहिलो की..."

त्यानं दिवा खाली धरला. पंजांच्या दुसऱ्या बाजूनंही पावलं गेली होती. ती लेकीची असणार, दुसरं होतं कोण घरात? पण ती पावलं त्याच्या तळहाताहूनही लहान होती.