बासष्टच्या वेगाला

डिकी उघडली आणि आत माणूस!

तिनं अशी किंकाळी फोडली की शोरूमचा विक्रेता हातातली किल्ली टाकून धावत आला. डिकीतला माणूस मात्र गुडघे पोटाशी घेऊन, डोळे मिटून तसाच पडून. मेला की काय, असं तिच्या मनात येतंय तोच त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

"श्श्… परत बंद करा ना. हळूच. बिजागरीचा आवाज ऐकायचाय."

"अहो, जीव गेला असता माझा!"

"जीव जाताना आवाज होत नाही. बिजागरी कुरकुरते," तो म्हणाला आणि डोळे उघडले.

आता डिकीत झोपलेल्या माणसाच्या डोळ्यांकडे बघायचं काही कारण होतं का? नव्हतं. पण तिनं पाहिलं. आणि पुन्हा पाहिलं.

तो बाहेर आला, कपडे झटकले आणि ओशाळून हसला. ही गाडी ज्या कंपनीची, त्या कंपनीत तो कामाला होता आणि त्याचं काम एकच, ऐकणं. कुठं खडखड, कुठं कुरकुर, कुठं थरथर, ते शोधायचं आणि अहवाल लिहायचा. बरोबरचे लोक त्याला 'कानसेन' म्हणायचे.

"पण तुम्ही आधी डिकी का उघडलीत?" त्यानं विचारलं. "गिऱ्हाईक आधी सीटवर बसतं, मग पडद्यावर गाणी लावून बघतं."

"स्टेपनी आहे का ते बघायला." बोलून गेल्यावर तिच्या छातीत धस्स झालं.

"नाहीये," तो खालमानेनं म्हणाला. "पंक्चरचा स्प्रे दिलाय."

"स्प्रे! आणि पुढं पडदा केवढा, परातीएवढा! हायवेवर टायर फुटला की माणसानं काय, गाणी ऐकत बसायचं?"

तो खळखळून हसला. ती मात्र घाबरून गप्प झाली. कारण सांगते. ही मुलगी तशी तिच्या आत्याच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायची. आठ वर्षं शेजारच्या सीटवर बसून लोकांच्या चुका झेलायची. पण दर रविवारी सकाळी ती दुसरीच कुणीतरी व्हायची. इंटरनेटवर 'स्टेपनी' या नावानं ती नव्या गाड्यांवर लिहायची, आणि असं लिहायची की कंपन्यांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. चाळीस हजार लोक वाचायचे. स्टेपनी कोण, हे एका आत्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. कळलं असतं तर कुठल्या शोरूमनं तिला गाडीला हात लावू दिला असता? आणि आत्याच्या स्कूलला गाड्या कुणी दिल्या असत्या?

त्या दिवशी विक्रेत्यानं गाडी चालवली, ती शेजारी बसली. सवयीनं चपला काढून. काटा बासष्टवर आला आणि तळपायाखाली बारीक थरथर जाणवली, मुंग्या आल्यासारखी. पासष्टला गायब. परत आल्यावर कानसेननं विचारलं, "काही जाणवलं?"

"छे," ती म्हणाली.

रविवारी स्टेपनीनं लिहिलं: 'नवा चेहरा, जुनी हाडं. बंपर बदलला, दिवे बारीक केले आणि म्हणे नवं मॉडेल! कंपनी सांगते विक्री वाढली. डीलरच्या आवारात उन्हात उभ्या करून ठेवलेल्या गाड्यांना विक्री म्हणायचं असेल तर वाढलीच म्हणा. आणि हो, बासष्टच्या वेगाला शेजारच्या सीटखाली थरथर आहे. कंपनीला माहीत असेल तर लाज, नसेल तर कमाल.'

तीन दिवसांनी सकाळी सात वाजता ड्रायव्हिंग स्कूलच्या दारात कानसेन उभा. झालं, ती मनात म्हणाली. सापडले!

"मला गाडी शिकायचीय," तो म्हणाला.

"…काय?"

"हसू नका. मी आयुष्यभर मागच्या सीटवर बसून ऐकतो. पुढं बसलं की घाम फुटतो. तुम्ही इथं शिकवता, असं त्या विक्रेत्यानं सांगितलं, म्हणून—"

"म्हणून काय?"

"म्हणून म्हटलं, घाबरायचंच आहे तर ओळखीच्या माणसाशेजारी घाबरू."

आत्या हिशेबाच्या वहीतून डोकं वर न काढता म्हणाली, "घे गं याला. बरा दिसतोय."

मग काय, रोज सकाळी सात. कानसेनला वळण घेता यायचं नाही, रिव्हर्सचं नाव काढलं की ओठ कोरडे पडायचे. पण बोलायला बसला की ऐकत राहावं. मोठ्या गाड्यांच्या नादात कंपन्यांनी छोट्या गाड्या कशा मारल्या, बॅटरीच्या गाडीत इंजिनाचा आवाज नसल्यानं एकेक स्क्रू कसा चुगली करतो, हे तो स्टिअरिंग घट्ट धरून सांगायचा.

"मास्तरीणबाई, तुम्ही स्टेपनी वाचता का हो?" एकदा त्यानं विचारलं.

तिनं उगाचच आरसा नीट केला. "…कधीमधी. समोर बघा!"

"काय माणूस असेल ना! माझ्या डोळ्यांपुढं येतो तो. टक्कल, सुटलेलं पोट, निवृत्त, बायकोशी न पटणारा."

"पोट कशाला?" ती फणकारली.

"बरं, पोट नको. तुम्हाला का राग आला?"

"मला? मला कशाला येईल? गिअर बदला!"

तो तिच्याकडे बघून गालात हसला आणि तिसऱ्याऐवजी पहिला टाकला. गाडीनं गचका खाल्ला, दोघं एकदमच पुढं झुकली, खांदा खांद्याला लागला… आणि पुढची दोन वळणं गाडी पहिल्याच गिअरमध्ये गेली. तो बरोबर असला की तिला पंख फुटायचे. आणि घरी आलं की रोज तीच धाकधूक, याला कळलं तर?

आत्या म्हणायची, "सांगून टाक बाई. उशीर केलास तर जड जाईल." आणि ती म्हणायची, "सांगते. उद्या." उद्या काही उगवेना.

दोन महिने असे गेले. एका गुरुवारी तो आला तो पांढराफटक. किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"मला चोर ठरवलंय," तो म्हणाला.

"कुणी?"

"कंपनीनं. या तिमाहीची विक्री आपटलीय. त्या मॉडेलची बुकिंग धडाधड रद्द झाली. ती बासष्टची थरथर आहे ना, ती मला आधीच सापडली होती. अहवालात लिहिलं होतं मी. अहवाल तिघांनी पाहिला आणि दाबला. आता म्हणतात, हे बाहेर कसं गेलं? स्टेपनीला तूच पुरवलंस. इतका अचूक आकडा बाहेरच्याला कळणंच शक्य नाही. सोमवारी चौकशी. नोकरी तर जाईलच, पण चोर म्हणून गेलो तर दुसरी कंपनी दारात उभं करणार नाही." त्यानं कपाळ स्टिअरिंगला टेकवलं. "मी कधी एक शब्द बाहेर काढला नाही हो. तो स्टेपनी एकदा समोर आला ना, तर विचारीन, बाबा रे, तुला झोप कशी लागते?"

झोप! त्यानंतर चार रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. सांगितलं तर हा जाईल. नाही सांगितलं तर याची नोकरी जाईल. आणि मग हा रोज सात वाजता येत राहील, हसेल, आणि ती त्याच्या शेजारी बसून आयुष्यभर थरथरत राहील.

सोमवारी सकाळी तो आला. दहाला चौकशी, तरी आला. "इथं बसलं की जरा बरं वाटतं," म्हणाला. अर्धा तास गाडी चालवल्यावर तिनं सांगितलं, "बाजूला घ्या."

दोन उभ्या गाड्यांच्या मधे, रिव्हर्स घेत, त्यानं गाडी अशी अलगद लावली की ती बघतच राहिली. दोन महिन्यांत पहिल्यांदा. त्याचा चेहरा लहान मुलासारखा फुलला. "जमलं! मास्तरीणबाई, बघा ना, जमलं!"

आणि नेमकं तेव्हाच तिला बोलायचं होतं.

"स्टेपनी… मी आहे."

तो हसलाच आधी. मग तिच्या तोंडाकडे पाहून त्याचं हसू ओसरलं.

"तुमच्या अहवालाचं मला काही माहीत नव्हतं. देवाशपथ. मला पायाला कळलं. त्या दिवशी तुम्ही विचारलंत आणि मी खोटं बोलले. नंतर रोज सांगणार होते. रोज—"

त्यानं इंजिन बंद केलं. हँडब्रेक ओढला. पट्टा काढला, उतरला आणि दार लावलं, जराही आवाज न करता, त्याच्या सवयीप्रमाणे. आपटलं असतं तर बरं झालं असतं. तिनं चालकाच्या जागी सरकून, स्टिअरिंगवर डोकं ठेवून पोटभर रडून घेतलं, नाक पुसलं, आणि गाडी कंपनीच्या रस्त्याला लावली.

चौकशीच्या खोलीत लांब टेबल, पलीकडं मोठे साहेब, अलीकडं एका खुर्चीत कानसेन. 'शिकाऊ चालक' पाटीची गाडी फाटकात उभी करून ही आत घुसली.

"मी स्टेपनी," ती म्हणाली. "यांनी मला काही सांगितलेलं नाही."

मोठ्या साहेबांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "तुम्ही? ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवता आणि तुम्हाला बासष्ट कळलं? आमच्या यंत्रांना कळायला आठवडा लागला."

"तुमची यंत्रं आठ वर्षं घाबरट लोकांच्या शेजारी बसलेली नाहीत," ती बोलून गेली आणि स्वतःच दचकली. "गाडी काढा. माझे डोळे बांधा. मी सांगते."

कंपनीच्या चाचणीच्या रस्त्यावर गाडी उभी राहिली. चालक पुढं, शेजारी ती, अनवाणी, डोळ्यांवर रुमाल. मागं मोठे साहेब, आणि दुसऱ्या बाजूनं कुणीतरी चढलं. दाराचा आवाज झालाच नाही, म्हणजे तोच. तिचे तळपाय बर्फासारखे गार पडले होते. बधिरच झाले असतील तर? याचं आयुष्य आपल्या दोन तळव्यांवर, आणि ते तळवे असे लाकूड!

गाडी निघाली. वेग वाढला. काही नाही… काही नाही… देवा, काहीच नाही…

"आत्ता!" ती ओरडली.

"एकसष्ट," चालक म्हणाला. "आता बासष्ट."

पुन्हा फेरी. "आत्ता!" बासष्टच. मोठे साहेब घसा खाकरून म्हणाले, तिसरी फेरी दुसऱ्या गाडीतून. तिला हात धरून उतरवलं, बसवलं. वेग वाढला, वाढत गेला, वारा काचेवर घुमायला लागला, आणि तळपायांना काहीच लागेना. ती वाट बघत राहिली. तिला हुंदका फुटला.

"नाही," ती म्हणाली. "मला काहीच कळत नाहीये. माझंच काहीतरी चुकत असेल, पण नाही."

मग मागून त्याचा आवाज आला, शांत.

"त्यांचं चुकलेलं नाही, साहेब. ही फरशीखाली रबर घातलेली गाडी आहे. माझ्या अहवालाप्रमाणे, चाचणीपुरती दुरुस्त केलेली. इथं थरथर नाहीच."

चौकशी तिथंच संपली, कानसेनवरचा आळ गेला. मोठे साहेब उतरताना म्हणाले, तुम्हाला मात्र आमच्या कुठल्याही शोरूममध्ये यापुढं गाडी मिळणार नाही. ती "हो" म्हणाली. दुसरं काय म्हणणार? कानसेन तिच्याकडं न बघता इमारतीत गेला.

मंगळवारी सात वाजता तो आला नाही. बुधवारी नाही. गुरुवारी आत्यानं चहा पुढं ठेवला, काही बोलली नाही. आत्या गप्प, म्हणजे प्रकरण गंभीर. रस्त्यावर कुणाचंही पाऊल वाजलं की ती दाराशी जायची, आणि पाऊल पुढं गेलं की परत आत यायची.

शनिवारी सातला पाच कमी असताना तो गाडीत बसलेला दिसला. चालकाच्या जागी. ती कशीबशी शेजारी जाऊन बसली. सवयीनं चपला काढल्या.

"मी रागावलोय," तो म्हणाला. "अजून."

"माहितीये."

"थरथरीबद्दल नाही. ते खरं लिहिलंस. दोन महिने माझ्याशेजारी बसून मला घाबरत होतीस, त्याचा राग आलाय. मला! अगं, मी रिव्हर्सला घाबरतो!"

ती हसली की रडली, तिचं तिलाच कळलं नाही. "मला वाटलं, कळलं की तू जाशील."

"गेलोच होतो ना! चार दिवस गेलो होतो. काय मिळालं?" त्यानं केसांतून हात फिरवला. "एक सांगायचं राहिलं. तो रविवार, तू लिहिलंस तो… मी घरात नाचलो होतो. पाच वर्षं मी ऐकतोय, लिहितोय आणि साहेब म्हणतात, तुला भास होतात. आणि कुठलातरी टकल्या लिहितो, बासष्टला थरथर आहे! मला वाटलं, जगात मी एकटा वेडा नाही. त्या टकल्यावर तेव्हाच जीव जडला होता माझा. आणि इकडं तुझ्यावर जडत होता. दोन माणसांच्या प्रेमात पडलोय म्हणून मीही घाबरलेलोच होतो, बाईसाहेब."

तिनं त्याच्या बाहीचं टोक धरलं, तेवढंच.

"मग?" त्यानं विचारलं. "राहशील माझ्याबरोबर? कायमची? …मला फार भीती वाटतेय, तू काय म्हणशील त्याची."

"मलाही वाटतेय," ती म्हणाली. "खूप."

"मग करायचं काय?"

तिनं डोळे पुसले, पट्टा लावला आणि समोर रस्त्याकडे पाहिलं.

"वाटू दे," ती म्हणाली. "क्लच दाब. पहिला टाक."