पंचवीस डिसेंबर कुणाचा?

सत्याच्या शोधात निघालेल्या माणसाला तहानभूक उरत नाही. प्रतिभाला दोन्ही होत्या. शिवाय घोडेगावच्या वाचनालयातला ज्ञानकोशाचा 'न'चा खंड चार दिवस कुणीतरी अडवून बसलं होतं, त्याचा रागही होता.

ते कुणीतरी खिडकीशी बसायचं. निळा स्वेटर, डिसेंबरचं ऊन खांद्यावर, आणि पानं उलटण्याची अजिबात घाई नाही.

"तुमचं झालं का हो?"

"नत्रापर्यंत आलोय," त्यानं मान वर केली. डोळे हसरे होते, हे प्रतिभानं नाइलाजानं पाहिलं. "तुम्हाला काय हवंय?"

"नाताळ."

"तो पुस्तकात कशाला शोधता? आमच्या घरी येतो की दरवर्षी."

त्याचं नाव शांतवन. मूळचा संगमनेरकडचा, कृषी खात्यात नवा लागलेला. आई इथल्या दवाखान्यात नर्स. प्रतिभा शिनोलीच्या पुढच्या वाडीतली, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, आणि शनिवारच्या वक्तृत्व स्पर्धेत कॉलेजची एकमेव आशा. विषय सावळाराम सरांनी ठरवून दिला होता : 'नाताळ हा मुळात ख्रिस्ती सण नाहीच!' उद्गारचिन्हही सरांचंच.

तिनं तो चाचरत सांगितला. शांतवननं खंड दोघांच्या मध्ये सरकवला. "बघू या तरी... मलाही कुठं माहितीय?"

एका पुस्तकावर दोन डोकी वाकली. येशूच्या जन्माची तारीख बायबलमध्ये नाही, असं पहिल्याच परिच्छेदात होतं.

"म्हणजे वाढदिवसच माहीत नाही?" प्रतिभा म्हणाली.

"आमच्या आजोबांचाही नव्हता. शाळेत गुरुजींनी एक जून टाकला. म्हणून आजोबा जन्मलेच नाहीत, असं कुणी म्हणालं नाही."

पुढं होतं, रोममध्ये पंचवीस डिसेंबरलाच सूर्याचा सण असावा. चर्चनं तो दिवस उचलला असावा. काही विद्वानांच्या मते तसं नसावं. गर्भधारणेची म्हणून धरलेल्या मार्चमधल्या एका तारखेत नऊ महिने मिळवले असावेत.

"अर्ध्या पानात चार 'असावे'," शांतवन म्हणाला.

"सर म्हणतात, बोलताना ते गाळायचे."

तो हसला. तिचा हात पानावर तसाच राहिला... त्याचाही. "शनिवारी ऐकायला येतो मी," तो म्हणाला.

"राग आला तर?"

"ऐकल्यावर सांगतो. बरं, तुमच्या वाडीची यात्रा कधी असते?"

"चैत्री पुनवेला. पूर्वापार."

"पूर्वापार म्हणजे कधीपासून?"

एसटीची वेळ झाली म्हणत प्रतिभा उठली. एसटीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपली पंचाईत झाली आहे. बक्षीस हवं, तर या माणसाचा सण त्याच्या तोंडावर परका ठरवायचा. आणि हा माणूस तर... सोमवारीही खिडकीशी बसलेला हवा होता.

घरी तिनं वडिलांना गाठलं. जानकू यात्रा कमिटीत होते.

"दादा, यात्रा पुनवेलाच असते ना?"

"पुनवंलाच. परंपरा हाय."

"यंदा चतुर्थीला झाली."

"यंदाचं येगळं. नारायणगावला तमाशाची सुपारी द्याया गेलो, तर पुनवंला फडच मोकळा नव्हता. मग यात्रा सरकावली चार दिस."

"आणि देवी?"

"देवीला काय, ती बारा म्हैने हितंच असती. फड एकदा गेला की गेला!"

चुलीपुढून आई, सखूबाई, म्हणाली, "पुरणाचा सैपाक पुनवंला करा न्हाईतर चवथीला, माझा घाम तेवढाच गळतो. सण त्यो."

शनिवारी तिसऱ्या रांगेत निळा स्वेटर होता. प्रतिभानं चारही 'असावे' न गाळता सांगितले. मग देवीची तारीख तमाशाच्या फडानं कशी ठरवली, ते सांगितलं. "दिवस कुणाकडून आला, यावर विद्वानांनी भांडावं," ती म्हणाली. "सण मात्र त्या दिवशी जिचा घाम गळतो, तिच्या घरचा." सभागृह हसलं. सर हसले नाहीत. उत्तेजनार्थ बक्षीसही दुसऱ्याच कॉलेजला गेलं.

स्टँडवर शांतवन तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"आला का राग?" तिनं समोर बघतच विचारलं.

"यायला हवा होता. मी रुसलो असतो... तुम्ही समजूत काढायला आला असता."

"न रुसता बोलावून बघा."

"मग पंचवीसला या. आई करंज्या करते."

"करंज्या? त्या तर दिवाळीच्या!"

"मूळ शोधू नका. खा."

शिनोलीची एसटी आली, थांबली, गेली. दोघांनीही ती नीट पाहिली.

"प्रतिभा," तो हळूच म्हणाला, "पुस्तकातलं सगळं असावे-नसावे... माझं तसं नाही. मला तू आवडतेस."

 तिनं पुढची एसटी किती वाजता आहे, ते विचारलं. आणि तासाभरानं आहे म्हटल्यावर इतकी गोड हसली, की शांतवननं तेच उत्तर धरलं.

दोन वर्षं करंज्या झाल्या. मग घरी सांगितलं. जानकू चार दिवस शेतावरच जेवले. पाचव्या दिवशी म्हणाले, "पावणं ख्रिश्चन हायेत, पर पर्मनंट हायेत."

तरी चुलत्यांना मुहूर्त हवा होता आणि शांतवनच्या मामांना पाद्री. दोघांनी सरळ नोंदणी लग्न ठरवलं. दिवस शांतवननं सुचवला.

"पंचवीस डिसेंबर. सूर्याचा असो, येशूचा असो... आता आपलाही."

प्रतिभाचे डोळे भरून आले. सखूबाईंनी भावकीत सांगितलं, शांतवनच्या आईनं करंज्यांचा रवा दुप्पट आणला, आणि नोव्हेंबरात दोघं नोटीस द्यायला पुण्याला गेले. कारकुनानं तारीख वाचली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बोट केलं.

पंचवीस डिसेंबरला विवाह नोंदणी कार्यालय बंद असतं. नाताळची सुट्टी असते.