अकरावी टेप

तो पहिल्यांदा माझ्या दुरुस्तीच्या दुकानात शिरला, तेव्हा मी दातांत स्क्रू-ड्रायव्हर धरून एका मशीनचं पोट उघडत होते. त्याने काउंटरवर एक जुनी व्हिडिओ टेप ठेवली. तिच्यावरचं नाव वाचून स्क्रू-ड्रायव्हर खालीच पडला... माझी लहानपणीची लाडकी अंतराळयानाची मालिका!

"पेनड्राइव्हवर घालून मिळेल? घरी अशा अजून दहा आहेत."

"मिळेल. पण टेप जेवढी लांब, तेवढाच वेळ जातो. घाई चालत नाही."

"मग... बसू इथेच?"

बसला. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो, गुरुवारी सुट्टी, म्हणाला. मग काय, दर गुरुवारी एक टेप आणि शेजारच्या स्टुलावर तो.

"यान पुठ्ठ्याचं आहे हो," मी चिडवायचे. "दार उघडताना मागून ओढणाऱ्याचा हात दिसतो."

"तेच तर आवडतं. आणि कप्तान बघा ना – नव्या ग्रहावर उतरला की आधी विचारतो, तुमचं काय दुखतंय? बंदुकीची आठवण मागाहून."

"मला यानावरची डॉक्टरीण आवडते. एवढी हुशार, पण कप्तानासमोर चाचरते."

"त्यालाही ती आवडते, हे तिला कळतच नाही," तो पडद्याकडे बघत म्हणाला.

आता हे तो नक्की कुणाबद्दल बोलला, देव जाणे! ताई म्हणायची, "अगं, मालिकेसाठी कुणी एवढं बसतं का?" पण असतातही असे वेडे, मीच नाही का त्यातली? तो माझ्यासाठी येतो की यानासाठी, काही उमगेना. जीव मात्र बुधवारपासूनच टांगणीला लागायचा. टेप संपल्या की येणं संपणार, म्हणून उरलेल्या टेप मी मनात मोजत बसायचे.

अकराव्या, शेवटच्या टेपला तो बसलाच नाही. "ही एकट्याच पाहा... अगदी शेवटपर्यंत," म्हणाला आणि सटकला. मी पाहिली. पडद्यावर नावं सरकू लागली, तशी नेहमीसारखी बंद केली. कंटाळला वाटतं माझ्या बडबडीला, असं मनात आलं आणि रडूच फुटलं.

पुढच्या गुरुवारी तो आला, पण उभ्या उभ्याच. "आठवडाभर फोन नाही, म्हणजे... तुमचं उत्तर कळलं मला."

"कसलं उत्तर?"

"शेवटपर्यंत पाहिली ना?"

"नावं आली की मी बंद करते. पुढे काय असतं?"

त्याचा चेहरा लालबुंद. "द्या ती टेप. राहू दे."

राहू देतेय कसली! मी टेप घातली. नावं सरली, पडद्यावर मुंग्या नाचल्या आणि अचानक हाच... कुठल्याशा जुन्या कॅमेऱ्यासमोर, इस्त्रीचा शर्ट घालून. चार मिनिटं कप्तानाबद्दल बोलला, मग डॉक्टरणीबद्दल. मग घसा खाकरून म्हणाला, "तर मुद्दा असा, की मला तुमच्या–"

खट्. टेप संपली.

"पुढे?" मी विचारलं.

"म्हणजे... एवढंच आलं?" तो कपाळाला हात लावून स्टुलावर बसला. "अहो, खरं म्हणजे मालिका मला तोंडपाठ आहे."

"मलाही."

"मग?"

"मग दहा गुरुवार आपण पाहत काय होतो?"

"तुमचं तुम्ही सांगा," तो हळूच म्हणाला. "मी तुम्हाला पाहत होतो. मला तुम्ही आवडता."

मला केवढा आनंद झाला! कशीबशी म्हणाले, "पुढच्या गुरुवारी या. टेप नसली तरी चालेल."