टाकीवरची वाटी

दोष आज्याचा. गोमाजीचा. पुढे कुणी म्हणेल, पोराचं डोकं फिरलं, कॉलेज सोडल्यापासून असंच आहे. म्हणून आधीच नाव घेऊन ठेवतो.

दुसऱ्या वर्षाला डिप्लोमा सोडून गावी, तुडीलला परत आलो, तेव्हा जेवलास का एवढंही कुणी विचारत नव्हतं. मागीलदारी मी हजार लिटरची टाकी मांडली, दोन निळी पिंपं उभी कापून त्यांत खडी भरली, मोटर लावली. टाकीत चिलापी माशांची बोटुकली, बोटाएवढी पिल्लं सोडली. माशांच्या घाणीचं पाणी मोटर खडीवर चढवते, खडीतले जिवाणू त्याचं खत करतात, ते खत वरचा पालक खातो आणि चोख पाणी परत टाकीत उतरतं. हे एक जमलं असतं तर घरात मान वर करून बसता आलं असतं. एवढंच हवं होतं मला.

खडीत जिवाणू धरायला महिना-दीड महिना जातो. माझं पाणी चौथ्या दिवशी तयार. तपासायच्या बाटलीत रंग बरोबर आला. मला वाटलं, आपल्या हाताला गुण आहे. मूर्ख.

पावसाळाभर वर ताडपत्री बांधून मासे वाढवले. पालक असा माजला की दोन्ही वेळा ताटात तोच.

मार्गशीर्षात थंडी पडली. थंडीत चिलापी खात नाही, तळाला बसून राहते. दाणे टाकले तर कुजतात आणि सगळी टाकी मरते. म्हणून मी दाणे बंद केले, दाण्यांची वाटी टाकीच्या काठावर मोटरीच्या उजव्या बाजूला पालथी घातली. सकाळी बघतो तर वाटी डाव्या बाजूला. उताणी, ओली. डब्यातले दाणे उतरलेले. पाण्याला तो ओल्या दाण्यांचा आंबूस वास, आणि मासे वर आलेले, पोटं तट्ट.

तीन दिवस हेच. माझा संशय सरळ आज्यावर. माझं काही टिकलेलं त्या म्हाताऱ्याला कधी बघवलं नाही.

"आज्या, दाणे कोण घालतं?"

"मला काय ठावं? तुझं मासं, तुझी वाटी. इंजिनेर तू."

आईला विचारलं. "जेव गप," म्हणाली आणि माझ्या ताटात पालक वाढला. तिच्या ताटात नव्हता. आज्याच्याही नव्हता. कधीच नसायचा, हे मला त्या दिवशी दिसलं.

दुसऱ्या दिवशी आज्यावर पाळत ठेवायला भर दुपारी पेंढ्याच्या उडवीमागे बसून राहिलो. आज्या आला. हात रिकामे. टाकीपाशी उकिडवा बसला आणि अगदी हळू, माझ्याशी कधी बोलला नाही अशा आवाजात म्हणाला, "आलास काय रे... भरत..."

तळाला बसलेले मासे एकेक करून वर आले. सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे.

भरत माझा धाकटा काका. मुंबईला कंपनीत असतो, सुट्टी मिळत नाही, हे मी जन्मापासून ऐकत आलोय.

मी पुढे झालो. "काका मुंबईला आहे ना?"

आज्यानं मान वर केली नाही. "नदीच्या वरल्या कोंडात हाय. बारावीला नापास झाला तवा मीच बोललो त्याला. तोंड दाखवू नको म्हटलं... नाय दाखवलंन."

"मग इथे कुणाशी बोलतोस?"

"तुझी खडी महिनाभर धरनार नव्हती ना. त्या कोंडाचं दोन कॅन पानी आणून ओतलं मी."

नदीच्या त्या डोहातलं पाणी गावात कुणी घरात आणत नाही. का, ते एकही म्हातारा सांगत नाही.

"आणि दाणे?"

"मी नाय घालीत." त्यानं वाटीकडे बघितलं. "भरत डावरा होता."

मी वाटीपासून मागे सरलो. "तो पालक तुम्ही खात नाही. मला का वाढता?"

तेव्हा म्हाताऱ्यानं मान वर केली आणि हसला. इतक्या मायेनं त्यानं माझ्याकडे कधीच बघितलं नव्हतं. "तुला आवडतो ना... ल्हानपनापासून."

लहानपणी मी पालक तोंडात धरत नव्हतो.

त्याच दुपारी टाकी शेतात ओतली. मासे ढेकळांत तडफडून मेले. इतक्या महिन्यांची मेहनत होती ती माझी. आज्यानं अडवलं नाही. पायरीवर बसून बघत होता. टाकीकडे नाही, माझ्याकडे. शेवटी राहिली ती वाटी. मी उचलली, रिकाम्या टाकीच्या काठावर ठेवली. हात काढल्यावर कळलं, डाव्या बाजूला ठेवली.

आतून आईनं हाक मारली, "भरतभावजी, हात धुवा." मी "आलो" म्हणालो.

हे सगळं मी डाव्या हातानं लिहिलंय. उजव्या हातानं मला आता माझी सहीसुद्धा येत नाही.