नऊ नंबरचं पाणी

स्वानंदी, दार लोटून घे नि इकडे सरक. चिंटू, तो मोबाइल ठेव भिया. हे कुठलं ऐकीव नाही. आमच्या मावसभावाची सून वासंती, धारला एका खासगी दवाखान्यात नर्स होती, तिच्यावर गुदरलेलं आहे. मागच्या कार्तिकातली अमावास्या, रात्री दोनचा सुमार.

वासंती खालच्या मजल्यावरून सलाइनच्या बाटल्या आणायला गेली होती. सकाळपासून तीच ड्यूटीवर. बदलीची सिस्टर आलीच नव्हती, आणि त्यांच्यात रीत अशी, की दुसरीने चार्ज घेतल्याशिवाय पहिलीने वॉर्ड सोडायचा नाही. घरी चार वर्षांची चिऊ वाट बघून झोपलेली. थकव्याची वासंतीला सवय होती हो. पण हल्ली पेशंट कण्हला तरी तिच्या आत काही हलत नसे, त्याची तिला फार लाज वाटायची. सुई टोचायची, गोळी द्यायची, पुढच्या खाटेकडे वळायचं.

बाटल्या घेऊन ती वर आली, तर टेबलाशी एक वयस्क सिस्टर. पांढरी साडी, खांद्यावर पदर टाचलेला.

"आठही जण झोपलेत. नऊ नंबरला तेवढं पाणी देत जा. चार्ज घेतलास ना?"

बाटल्या मोजता मोजता, रोजच्या सवयीने वासंती म्हणाली, "घेतला."

मग तिने मान वर केली. टेबलाशी कोणी नव्हतं.

आणि वॉर्डात खाटा आठच होत्या...

आठव्या खाटेपलीकडे कोरी भिंत. भिंतीतून आवाज आला.

"सिस्टर... पाणी..."

तिने पेला भरून भिंतीशी ठेवला. आवाज थांबला. पेला रिकामा झाला. ती जिन्याकडे पळाली. पहिल्या पायरीवर पाय ठेवला...

"सिस्टर..."

ती परत फिरली. रात्रभर असंच.

सकाळी अल्पना आली. नवी पोर, नुकतंच लग्न झालेलं, हातावरची मेंदी अजून उतरली नव्हती. "ताई, पूरा चार्ज दिला ना?"

नऊ नंबरही देऊन टाकला की वासंती सुटणार होती. शब्द अगदी ओठांवर आला. तिने त्या मेंदीकडे पाहिलं, आणि आठ पेशंटचाच चार्ज दिला.

ती घरी आली. मागोमाग हाकही आली, निजायच्या खोलीतल्या भिंतीतून. नवऱ्याला, दीपेशला, काही ऐकू येत नसे. तिने नोकरी सोडली. हाक सुटली नाही. रोज रात्री उठायचं, पेला भरायचा.

आणि माघात एका रात्री हाक आलीच नाही. वासंती उन्हं वर येईपर्यंत झोपली. उठली ती हसतच.

भिंतीशी चिऊ बसलेली. डोळे लाल.

"चिऊ, झोपली नाहीस?"

"हळू बोल आई. ते आजोबा आत्ता निजले."

"कोण... आजोबा?"

"तू दमली होतीस ना. मी त्यांना म्हटलं, आता मी देत जाईन पाणी."

वासंतीने भिंतीला कान लावला. काही नाही. ती हात जोडून म्हणाली, "परत माझ्याकडे द्या..." भिंत गप्प. अजून गप्पच आहे.

खाली चिऊचा छोटा पेला होता. रिकामा. आणि काठावर ओठांचा ओला ठसा...

मोठ्या माणसाचा.