नळीतला उजेड

"नळीतून उजेड बघितल्याशिवाय बंदूक उंबऱ्याच्या आत घ्यायची नाही. आणि उजेडात दुसरं काही दिसलं, तर ती ज्याची त्याला परत. आपल्या हातानं, नळी आपल्याकडे करून. हो म्हण."

"हो, बावा," ताजुन्निसा म्हणाली होती. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. श्रीवर्धनच्या वाडीत तिचे वडील, बावा, सशाच्या शिकारीवरून यायचे, अंगणातच बंदूक उघडून आभाळाकडे धरायचे आणि ती एक डोळा मिटून आत बघायची. वाटोळा, स्वच्छ उजेड. "दिसला?" "दिसला." मग बंदूक घरात जायची. उजेडात दुसरं काय दिसणार, हे तिनं कधी विचारलं नाही आणि बावांनीही कधी सांगितलं नाही.

आता बावा नव्हते, आणि ती सौदीत, जुबैलला होती. आखाती युद्धाचा दुसरा महिना चालू होता. समुद्रावर तेलाचा तवंग आलेला, त्याचा वास उशीच्या अभ्र्यात मुरलेला. शाळा बंद. सायरन वाजला की ती सहा वर्षांच्या सुहानाला घेऊन न्हाणीघरात बसे, विषारी वायू नको म्हणून दाराच्या फटीला ओला टॉवेल लावी आणि पैगंबरांवरचा दरूद म्हणत राही. पहाटेच्या फजरनंतर शंभर दरूद आणि सोमवार-जुमेरातचा, म्हणजे सोमवार-गुरुवारचा रोजा, हा तिचा नेम युद्धानं मोडला नव्हता. तिचा नवरा झैद कारखान्यात क्रेन चालवी. त्याला या नेमाची हल्ली चीड येई.

बंदुकीचं खूळ त्याच्या डोक्यात घातलं ते त्यांच्या कफीलनं, म्हणजे ज्याच्या नावावर त्यांचा व्हिसा होता त्या हम्मादनं. मिसाईलच्या भीतीनं तो घर बंद करून जेद्दाला चालला होता. त्याला जुनी शिकारी रायफल विकायची होती.

"तीनशे रियाल म्हणजे फुकट," झैद म्हणाला. "कागद त्याच्याच नावावर राहील."

"आणि गोळ्या?"

"तिथंच तर घोडं अडलंय. मेंढीबाजारात विचारलं. लढाईमुळे एकेक पंधराला. महिन्याला दहा धरल्या तरी दोन महिन्यांत गोळ्या बंदुकीला गाठतात."

"मग नको घेऊ. घोडं स्वस्त नि दाणा महाग."

"तुला काय कळतं? उद्या इराकी आत घुसले तर काय करशील, तसबी फेकून मारशील?"

तिनं तसबीचा पुढचा मणी ओढला. तिनं असा मणी ओढला की तो जास्तच भडके.

जुमेरातला हम्माद स्वतः आला. रायफल घोंगडीत गुंडाळलेली होती. तो आत आला नाही, दारातूनच मोडक्या हिंदीत बोलला. "एक हफ्ता रखो. अगली जुमेरात, असर के बाद मैं जेद्दा. नहीं चाहिए तो उस से पहले वापस. गाडी निकल गयी, तो खलास. तुम्हारी." मग पत्र्याची एक डबी झैदच्या हातात दिली. हिंदुस्थानी माणसाला तो 'हिंदी' म्हणे.

"गोली का हिसाब मत करो, हिंदी. पाँच है. पाँच ही रहेगी."

झैद हसला. हम्माद हसला नाही. तो झैदच्या खांद्यावरून सुहानाकडे बघत होता.

"एक ही लडकी?"

ताजुन्निसानं पोरीला मागं ओढलं. बाहेर गाडीत हम्मादची बायको बसली होती. तिच्या मांडीवर लहान मुलाच्या सँडलचा नवा कोरा जोड होता. गाडीत मूल नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, जुम्म्याला, झैद वाळवंटात शिकारीला गेला आणि संध्याकाळी हात हलवत परत आला. तिनं त्याला उंबऱ्यावरच अडवलं.

"बोल्ट काढ. मला उजेड बघू दे."

"बापाचं खूळ लेकीत उतरलंय," तो म्हणाला, पण त्यानं नळीच्या मागचा बोल्ट काढला. तिनं नळी आभाळाकडे धरली. पिळाच्या बारीक रेषा, आणि त्यांच्या टोकाला वाटोळा उजेड. तिनं त्याला आत येऊ दिलं.

झैदनं डबी उघडली. तीन बार काढले होते. आत पाच गोळ्या होत्या.

"चुकलो असेन मोजायला," तो म्हणाला.

रविवारी त्यानं चार बार काढले, मोजून. डबीत पाच. त्यानं त्या पुन्हा मोजल्या आणि मग एकदम खूश झाला. "गोळ्यांचा खर्च शून्य! तीनशेच्या वर एक रियालही नाही. कोण देतं असा सौदा?"

"अशी वस्तू घरात नको. कुणीतरी तो खर्च भरतच असेल."

"पुन्हा बोललीस तर बघ."

तिनं त्याला सांगितलं नाही, पण त्या दिवशी उजेडाच्या मधोमध एक तपकिरी ठिपका होता. तिनं चिंधीनं नळी पुसली. ठिपका तसाच राहिला.

मंगळवारी तो ठिपका भिंत झाला होता. भिंतीत हिरवं लोखंडी दार होतं, खालच्या कोपऱ्यात गंजलेलं. ते तिच्याच घराचं दार होतं आणि ते तिच्या पाठीमागे होतं. नळी आभाळाकडे होती.

"काय दिसतंय एवढं?" झैदनं विचारलं.

"तूच बघ."

त्यानं बघितलं. "उजेड आहे. दुसरं काय असणार?"

बुधवारी दाराच्या पायरीवर सुहाना बसली होती, लाल स्वेटर घालून. इतकी जवळ, की तिच्या बटणाला लटकलेला दोरा दिसत होता. ती नळीतून सरळ आईच्या डोळ्यात बघत हसली. तिचा वरचा पुढचा दात पडलेला होता.

ताजुन्निसानं मागे वळून पाहिलं. सुहाना आत चटईवर चित्र काढत होती, निळा फ्रॉक घालून. "दाखव दात," आई म्हणाली. सगळे दात जागेवर होते. लाल स्वेटर बादलीत भिजत होता.

त्या संध्याकाळी ती झैदच्या पाया पडली.

"उद्या परत दे. तुझ्या पोरीची शपथ."

"उद्या मी त्याला पैसे देणार आहे," तो म्हणाला आणि रात्रपाळीला गेला.

जुमेरात. तिनं पहाटे सहरी खाऊन रोजा धरला. झैद सकाळी येऊन झोपला. जोहरची नमाज होईतो उत्तरेकडच्या जळत्या तेलविहिरींचा धूर खाली उतरला आणि भर दुपारी घरात दिवा लावावा लागला. थंडी वाजत होती.

नमाज संपवून, सलाम फेरून ती वळली, तर सुहाना मागे उभी होती. लाल स्वेटर घातलेला. वाळत घातला होता तो तिनं स्वतःच ओढून घेतला होता.

"ठंड लग रही थी," ती म्हणाली. मग तिनं मूठ उघडली. "अम्मी, देखो. दाँत गिर गया."

बटणाला दोरा लटकत होता.

ताजुन्निसानं तिचा मुका घेतला. "अब्बांजवळ झोप. पायरीवर यायचं नाही. काही झालं तरी नाही."

"आप कहाँ जा रहे हो?"

"आजोबांना एक शब्द दिला होता."

तिसऱ्या प्रहरच्या असरला अजून अवकाश होता. मोकळ्या मैदानापलीकडे हम्मादचं घर बारा मिनिटांवर होतं. पुरुषाशिवाय, हातात बंदूक घेऊन, या मुलखात. तिनं अंगभर काळा अबाया चढवला. कपाटामागून रायफल काढली. उजेड बघायला बोल्ट ओढला.

तो हलला नाही.

पुन्हा ओढला. हलला नाही.

तिनं डबी उघडली. गोळ्या चार होत्या. बोटानं एकेक बाजूला सारून पुन्हा मोजल्या. चार.

पाचवी नळीतच असणार.

आत झैद घोरत होता. सुहाना त्याच्या कुशीत शिरली होती.

तिनं डबी बंद करून खिशात टाकली आणि हिरवं दार बाहेरून ओढून घेतलं. बिस्मिल्ला म्हटलं. मग नळी आपल्या छातीकडे वळवून, दोन्ही हातांनी सांभाळून, ती काळ्या दुपारी हम्मादच्या घराकडे चालू लागली.