बारावी ओळ

पाहुण्यांनी गावासाठी काय आणावं हे ठरवण्याचं काम चौदा वर्षं यादीबाईंकडे होतं. सफारीच्या ऑफिसात त्यांचं खरं नाव आता कुणाच्या लक्षातही नव्हतं. सफारीला येणारी माणसं दिलदार असतात, पण डोकं घरी ठेवून येतात, असं त्यांचं स्पष्ट मत होतं. कुणी भर उन्हाळ्यात लोकरीचे कोट आणले होते, कुणी वीज नसलेल्या शाळेला मिक्सर. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात, पण ती गाय बांधायची कुठे हे यादीबाईंनाच निस्तरावं लागे.

म्हणून त्यांनी रीत घालून दिली होती. जंगलाच्या कडेला एक गाव होतं. तिथल्या शाळेच्या मुख्याध्यापिका दर हंगामाआधी गरजेच्या वस्तू कागदावर लिहून फोटो पाठवत. यादीबाई ती यादी टाईप करून पाहुण्यांना धाडत. खाली ठरलेली तळटीप: गोळ्या-चॉकलेटं नकोत, मुलांच्या हातात परस्पर काही देऊ नका, जे द्यायचं ते शाळेत.

गेली तीन वर्षं यादीची शेवटची, बारावी ओळ चमत्कारिक येत होती. पहिल्या वर्षी होती 'डाव्या हाताने टेकायची काठी'. गावात ती कुणालाच नको होती. त्याच दुपारी एक पाहुणे शाळेच्या पायरीवरून घसरले, उजवी बाजू दुखावून बसले आणि तीच काठी टेकत गाडीपर्यंत आले. पुढच्या वर्षी 'जवळचा चष्मा, अडीच नंबर'. एका बाईंचा चष्मा माकडाने पळवला, त्यांचा नंबर अडीचच निघाला. यादीबाई तेव्हा पोट धरून हसल्या होत्या. गेल्या वर्षी होती 'पांढरा पंचा, चेहरा झाकेल एवढा'. त्यानंतर त्या हसल्या नाहीत.

या वर्षी बारावी ओळ होती: 'ड्रायव्हरच्या सीटवर ठेवायची उशी. बुटक्या माणसासाठी.'

यादीबाईंनी ती ओळ दोनदा वाचली. जीप चालवायचे त्यांचे यजमान, चांगले सहा फुटी. यादीबाई जेमतेम त्यांच्या खांद्याला लागत. लग्नानंतर त्यांनी याच जीपवर गाडी शिकून घेतली होती, पण स्टिअरिंगपलीकडे रस्ता दिसेना म्हणून पुन्हा हात लावला नव्हता. आता यजमानांना दोन जिने चढले की धाप लागे. ही फेरी शेवटची, मग दोघांनीही घरी बसायचं, असं ठरलं होतं. यादीबाईंना त्या घरी बसण्याखेरीज जगाकडून काही नको होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पिशव्या उपसून त्या अगदी थकल्या होत्या.

त्यांनी बारावी ओळ खोडली आणि अकराच वस्तू पाठवल्या.

निघायच्या सकाळी त्या म्हणाल्या, "अहो, आज दुसऱ्या ड्रायव्हरला जाऊ द्या ना."

"शेवटची फेरी दुसऱ्याच्या हाती देऊ? तू पण ना!" म्हणत त्यांनी चावी खिशात टाकली.

शाळेत सगळं सुरळीत चाललं होतं. पाहुणे एकेक वस्तू टेबलावर ठेवत होते, मुख्याध्यापिका कागदावर खुणा करत होत्या. अकरा झाल्या. यादीबाईंचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात पाहुण्यांपैकी मागच्या बाकावरच्या निवृत्त नर्सबाई उठल्या. त्यांनी पिशवीतून उशी काढली. निळ्या चौकडीची, कोरी, अजून प्लास्टिकमध्ये. "ही शेवटची वस्तू. कुणी घेईना, म्हटलं आपण घ्यावी."

"हे यादीत नव्हतं."

"नव्हतं कसं? तुम्हीच पाठवलंय." नर्सबाईंनी फोन पुढे धरला. बारावी ओळ तिथे होती.

यादीबाई मुख्याध्यापिकांकडे वळल्या. "तुम्ही ही ओळ का लिहिता हो दरवर्षी?"

"मी?" मुख्याध्यापिकांनी हातातला कागद उलटसुलट दाखवला. "माझ्या नेहमी अकराच असतात. बारावी तुम्ही वाढवता, असंच मी धरून चालले होते."

कागदावर अकराच ओळी होत्या.

यादीबाई उशी तिथेच टेबलावर टाकून बाहेर धावल्या.

यजमान झाडाखालच्या बाकावर बसले होते. कपाळ घामाने थबथबलेलं. "काही नाही गं. हात जरा जड झालाय."

मागून आलेल्या नर्सबाईंनी त्यांचं मनगट धरलं आणि आवाज खाली आणला. "लगेच हॉस्पिटलात न्यायला हवं. गाडी कोण चालवेल?"

पाहुण्यांनी जंगलातल्या रस्त्याकडे पाहून नकारार्थी माना हलवल्या.

यजमानांनी खिशातून चावी काढून बायकोपुढे धरली.

त्यांना मागच्या सीटवर आडवं केलं. यादीबाईंनी पुढचं दार उघडलं.

सीट पुढे ओढलेली होती. आरसाही खाली वळवलेला होता.

सीटवर निळ्या चौकडीची उशी होती. उन्हाने विटलेली, कडेला दोनदा शिवलेली, मधोमध खोल दबलेली.

त्या बसल्या. समोरचा रस्ता पूर्ण दिसत होता.

"जमतंय ना गं?" मागून आवाज आला.

त्यांनी चावी फिरवली. उशीतला खळगा त्यांच्याच मापाचा होता.